घर आणि यंत्र : बाहेरच्या खोलींतला कॉम्प्युटर

ज्या घरांत बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा आहे, त्या घरांत आजकाल एक मागणी हटकून पुढें येते. पूर्वींचीं मुलें सायकल मागत, मग घड्याळ मागूं लागलीं, पुढें मोटरसायकल आली, आतांचा मुलगा म्हणतो, "मला गेमिंग कॉम्प्युटर हवा." हा शब्द कानीं पडतांच वडील माणसांच्या कपाळावर आठी चढते. खेळासाठीं म्हणून निराळा कॉम्प्युटर घ्यावयाचा, त्यांत लाखभर रुपये घालावयाचे, आणि मुलानें दार लावून त्यापुढें रात्री काढावयाच्या, हें चित्र कोणास आवडेल? मलाही आवडलें नव्हतें. तथापि २०२५ सालीं आमच्याच घरीं हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचा निकाल ज्या रीतीनें लागला, ती रीत इतर कुटुंबांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून इन्व्हर्टरच्या बॅटरीचा ठरलेला विषय बाजूस ठेवून या महिन्यांत ही हकीकत लिहीत आहें.

आमचें घर मालाडास, स्टेशनच्या पश्चिमेस. निजावयाच्या दोन खोल्या, बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर. राहणारीं माणसें सहा. दादा व वहिनी एका खोलींत, दुसरींत मी व माझा पुतण्या, आणि बाहेरच्या खोलींत नाना व आई. नाना एका कारखान्यांत ड्राफ्ट्समन होते. वय अठ्याहत्तर; निजण्याची वेळ साडेनऊ आणि उठण्याची साडेचार, यांत गेल्या वीस वर्षांत फरक नाहीं. पुतण्यानें इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेपायीं दोन वर्षें अशीं काढलीं कीं, तो घरांत असून नसल्यासारखाच होता. जेवतांनाही डाव्या हाताशीं पुस्तक उघडें असे. परीक्षा संपली, प्रवेश मिळाला, आणि आतां तरी मुलगा चार शब्द बोलेल अशी दादाला आशा वाटूं लागली, तोंच ही मागणी आली.

दीड दिवसांचा गणपति मार्वे येथें बोळवून आम्ही परतलों होतों. पाट जागेवर ठेवतांच वादास तोंड फुटलें. दादा म्हणाला, "कॉम्प्युटरला माझी ना नाहीं. पण हा आंतल्या खोलींत जाऊन दार लावील, कानांवर हेडफोन चढवील, आणि चार वर्षांनीं आपल्याला कळेल कीं, आपण मुलाला घरांतल्या घरांत परदेशीं पाठविलें." वहिनींची चिंता निराळी होती. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनें त्याच ऑगस्ट महिन्यांत संमत केला होता, आणि त्या खेळांपायीं कर्जबाजारी झालेल्या मुलांच्या बातम्या त्यांनीं वाचल्या होत्या. हें तेंच कीं काय, असें त्यांस वाटत होतें. तें तें नव्हे, हें मीं समजावून सांगितलें. ज्यांत पैसे लावून पैसे मिळविण्याची आशा असते ते खेळ त्या कायद्यानें बंद केले. ज्यांत कौशल्यानें सामने खेळले जातात त्या ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्यानें मान्यता दिली आहे. चीनमधील हांगचौ येथें २०२३ सालीं भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत तर त्यांस पदकेंही होतीं.

इतकें झाल्यावर नानांनीं पुतण्यास विचारलें, "तुला तो कशासाठीं हवा?" अशा वेळीं शंभरांतलीं नव्याण्णव मुलें 'अभ्यासासाठीं' असें सांगतात. हा म्हणाला, "आजोबा, अभ्यासाला उपयोग होईलच. पण खोटें कशाला बोलूं? मला खेळायला हवा आहे." नाना हसले. "खरें बोललास, अर्धें काम झालें," असें म्हणून त्यांनीं तेथेंच अटी सांगितल्या. यंत्र बाहेरच्या खोलींत राहील, आंतल्या खोलींत नाहीं. साडेनऊनंतर तें चाललें तर त्याचा आवाज त्यांच्या अंथरुणापर्यंत येतां कामा नये. एकंदर खर्च लाखाच्या आंत, आणि त्यांतले वीस हजार पुतण्यानें सुटींत शिकवण्या करून मिळविलेल्या पैशांतून द्यावयाचे. पैसे लावण्याचा खेळ कधींच नाहीं. आणि जोडणी दुकानदाराकडून न करवितां घरीं, सर्वांसमक्ष करावयाची.

लॅपटॉप घेऊन मोकळें व्हावें, अशी सूचना मीं केली होती. परंतु खेळाच्या लॅपटॉपचे पंखे लहान असतात व ते जोर पडला म्हणजे फार ओरडतात; शिवाय त्यांतील मुख्य भाग पुढें बदलतां येत नाहींत. सर्वांत मोठी अडचण दादानें एका वाक्यांत सांगितली : "लॅपटॉपला पाय असतात. तो रात्रीं चालत आंतल्या खोलींत जाईल."

या अटींमुळें कॉम्प्युटर लहान करणें भाग पडलें. बाजारांत लहान कॅबिनेट ही हौसेची वस्तु म्हणून विकली जाते. आमच्या घरीं ती सहवासाची अट म्हणून आली. मोठी पेटी बाहेरच्या खोलींत मावलीच नसती, आणि ती मावत नाहीं या सबबीवर मुलासकट आंत गेली असती. वाचकांनीं हा मुद्दा ध्यानांत धरावा. यंत्र कोणतें घ्यावें हा प्रश्न मागाहूनचा. तें घरांत कोठें बसणार हा प्रश्न पहिला.

आतां मापांकडे वळूं. या पेट्यांचें घनफळ लिटरांत सांगण्याची पद्धति आहे. नेहमींच्या उभ्या कॅबिनेटचें घनफळ चाळीस ते पन्नास लिटर असतें, म्हणजे पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्यांइतकें. ती इतकी मोठी असण्याचें कारण तिच्या आंतील मदरबोर्ड. इंटेल कंपनीनें १९९५ सालीं रूढ केलेल्या एटीएक्स मापाचा मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद असतो. २००१ सालीं तैवानमधील व्हिया कंपनीनें मिनि-आयटीएक्स नांवाचें माप काढलें. तो बोर्ड १७० मिलिमीटरांचा चौरस, साध्या कागदाच्या रुंदीहूनही लहान. वीज पुरविणारा जो डबा असतो, ज्यास आपल्या बाजारांत एसएमपीएस म्हणतात, त्याचेंही एसएफएक्स नांवाचें लहान माप आहे : १२५ मिलिमीटर रुंद, १०० लांब व साडेत्रेसष्ट उंच. हीं दोन मापें हातीं आलीं म्हणजे दहा-बारा लिटरांत सर्व संसार बसवितां येतो. लहान पेट्यांत ग्राफिक्स कार्ड बोर्डावर काटकोनांत उभें न करतां, लवचीक पट्टीनें जोडून बोर्डाच्या पाठीशीं पाठ लावून बसवितात; त्यामुळें पेटी अरुंद होते.

पुतण्यानें जी कॅबिनेट निवडली ती ३६ सेंटिमीटर लांब, १६ रुंद व १९ उंच, म्हणजे जवळजवळ अकरा लिटरांची. नानांनीं ही मापें ऐकलीं आणि टिफ्रॅकची गोष्ट काढली. मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बांधलेला हा कॉम्प्युटर १९६० सालीं पूर्णपणें चालूं झाला व १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास टिफ्रॅक हें नांव दिलें. त्यांत २,७०० व्हॉल्व्ह होते, आणि ज्या पोलादी चौकटींत तो बसविला होता ती अठरा फूट लांब, अडीच फूट रुंद व आठ फूट उंच होती. नानांनीं पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला : ३६० घनफूट, म्हणजे दहा हजार लिटरांहून थोडें अधिक. "या तुझ्या पेट्या त्यांत नऊशेंहून अधिक बसतील," ते म्हणाले, "पण ज्यांनीं तो बांधला त्यांनीं एक एक तार स्वतः जोडली होती. तूं निदान एक तरी पेटी नीट जोड."

त्यानंतर नानांनीं जें केलें तें या सर्व खटाटोपांत मला सर्वांत शहाणपणाचें वाटतें. मिठाईच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची अगदीं त्याच मापाची पेटी त्यांनीं करून दिली आणि ती ठरलेल्या जागीं आठ दिवस ठेवण्यास सांगितलें. मागील बाजूस तारा वळावयास चार बोटें जागा सोडून ती खिडकीजवळच्या ठेंगण्या मेजावर ठेवली. तिसऱ्या दिवशीं पुस्तकांच्या कपाटाचें दार तिच्यावर आपटलें. पांचव्या दिवशीं संध्याकाळीं पाऊस आला आणि खिडकीच्या फटींतून आलेल्या शिंतोड्यांनीं पुठ्ठा भिजला. मग ती पलीकडच्या भिंतीशीं नेली, तर आईनें दाखवून दिलें कीं, तेथें देव्हाऱ्यांतील उदबत्तीचा धूर व राख थेट तिच्या जाळीवर येते. अखेरीस कपाट व दिवाण यांच्यामधील जागा ठरली. पुठ्ठा भिजला तो फुकटचा. लाखाचें यंत्र भिजलें असतें तर? ज्यास म्हणून अशी खरेदी करावयाची आहे, त्यानें आधीं पुठ्ठ्याची पेटी करावी. तिला आठ आणेही लागत नाहींत, आणि ती सर्व घराशीं बोलते.

भाग निवडतांना पहिला विचार उष्णतेचा केला. कॉम्प्युटर जितकी वीज खातो तितकी सर्व शेवटीं उष्णतेच्या रूपानें खोलींतच सोडतो. माणूस स्वस्थ बसलेला असतांना त्याच्या अंगांतून सुमारें शंभर वॅट उष्णता बाहेर पडते. अडीचशें वॅटचें यंत्र खोलींत आणणें म्हणजे सहा माणसांच्या घरीं आणखी अडीच पाहुणे कायमचे बसविणें होय, आणि मालाडच्या ऑक्टोबरांत तो पाहुणचार महाग पडतो. म्हणून अतिशक्तिमान भाग प्रथमच वगळले. प्रोसेसर एएमडीचा रायझेन ५ ७६०० हा सहा गाभ्यांचा, ६५ वॅटचा घेतला. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचें आरटीएक्स ५०६०, १४५ वॅटचें. एसएमपीएस ६०० वॅटचा. याहून लहानही चालला असता. पण पंखा सावकाश फिरावा व पुढें कार्ड बदललें तर अडूं नये, म्हणून थोडी सैल चादर पसरली. पडदा घरांत होताच. २०२० सालीं मी घरून काम करूं लागलों तेव्हां घेतलेला तो साधा पडदा सेकंदास साठ चित्रें दाखवितो. या साठ आकड्याचें महत्त्व पुढें कळेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लहान वस्तु स्वस्त असते हा समज येथें खोटा ठरतो. लहान मदरबोर्ड, लहान एसएमपीएस व लहान कॅबिनेट यांना त्याच शक्तीच्या मोठ्या भागांहून अधिक पैसे पडतात. ज्यांच्या घरीं जागेची अडचण नाहीं, त्यांनीं हा जादा खर्च केवळ देखणेपणासाठीं करूं नये.

दिवाळी झाल्यावर खरेदीस निघालों. मालाडहून धीमी गाडी पकडून ग्रँट रोडला उतरावें आणि पूर्वेकडून बाहेर पडून लॅमिंग्टन रोड गांठावा. या रस्त्याचें आजचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण विजेच्या व कॉम्प्युटरच्या मालासाठीं सारी मुंबई त्यास जुन्या नांवानेंच ओळखते. येथें चार दुकानें फिरल्याशिवाय भाव कळत नाहीं. प्रत्येक भागाचें करासहित पक्कें बिल घ्यावें, त्यावर भागाचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा, खोक्याचें सील आपल्यासमोर फोडवावें, आणि हमी भारतांतील आहे ना हें आधीं विचारावें. परदेशांतून परस्पर आणलेल्या मालाचा भाव कमी दिसतो खरा, पण बिघाड झाला म्हणजे त्याला कोणी वाली नसतो.

आमच्या अंदाजास पहिला धक्का बसला तो मेमरीच्या भावानें. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं जगभर प्रचंड यंत्रशाळा उभ्या राहत आहेत व मेमरीचे कारखाने आपला माल तिकडे वळवीत आहेत. त्यामुळें २०२५ सालच्या अखेरच्या महिन्यांत रॅमचे भाव आठवड्या-आठवड्यानें चढत गेले. गणपतींत केलेली यादी दिवाळीनंतर लाखाच्या पार गेली. पुतण्यानें दुकानांतून मला बाजूस घेतलें व म्हणाला, "काका, बाबांना वरचे पैसे मागणार नाहीं." त्यानें १६ जीबीच्या दोन दांड्यांऐवजीं एकच घेतली. दोन असत्या तर वेग थोडा अधिक मिळाला असता. पण दुसरी खांचण मोकळी आहे, भाव उतरले म्हणजे भरतां येईल. मिनि-आयटीएक्स बोर्डावर खांचणी दोनच असतात, म्हणून ज्याला पुढें वाढ करावयाची आहे त्यानें ८ जीबीच्या दोन घेऊन दोन्ही जागा अडवूं नयेत.

आतां माझ्या चुकीची कबुली. प्रोसेसरच्या डोक्यावर त्याला थंड ठेवणारा कूलर बसतो. पेटींत त्याच्यासाठीं किती उंचीची जागा आहे हें मापण्याचें काम मीं मोठ्या ऐटीनें अंगावर घेतलें होतें. या सदराचा लेखक म्हणून घरांत माझ्या शब्दास मान आहे. कॅबिनेट प्रथम आली होती. तिच्या आंतील पत्र्यापासून झांकणापर्यंत मीं पट्टी धरली, माप सत्तर मिलिमीटर आलें, आणि ६५ मिलिमीटर उंचीचा कूलर घ्यावयास सांगितलें. घरीं येऊन बसवून पाहतों तों झांकण लागेना. कूलरची उंची मोजतात ती प्रोसेसरच्या माथ्यापासून, पत्र्यापासून नव्हे. पत्र्यावर साडेसहा मिलिमीटर उंचीचे खुंट, त्यांवर दीड मिलिमीटर जाडीचा बोर्ड, त्यावर प्रोसेसर व त्याची बैठक मिळून जवळजवळ आठ. एकूण सोळा मिलिमीटर मीं हिशेबांतच धरले नव्हते. खरी जागा चोपन्नच होती. खोकें फोडलेलें, त्यामुळें दुकानदारानें तो परत घेतला नाहीं, आणि तें योग्यच होतें. दुसरा ४७ मिलिमीटरांचा कूलर माझ्या खिशांतून आला. पुतण्या रागावेल असें मला वाटलें होतें. तो एवढेंच म्हणाला, "काका, बिघडलेलें तर कांहींच नाहीं." आणि दादा, जो दोन महिने या विषयावर तुटक बोलत होता, तो मोठ्यानें हसला. मला वाटतें, त्या हसण्याची किंमत कूलरहून अधिक होती.

जोडणी रविवारीं सकाळीं जेवणाच्या टेबलावर झाली. तिचा क्रम सांगून ठेवतों. बोर्ड पेटींत घालण्यापूर्वींच त्यावर प्रोसेसर, रॅम व एसएसडी बसवावी. अरुंद पेटींत मागाहून बोटें शिरत नाहींत. या प्रोसेसरच्या पिना बोर्डावरील बैठकींत असतात. तेथें बोट, कापूस, कांहींही लावूं नये, एक पीन वांकली तरी बोर्ड निकामी होतो. प्रोसेसर त्रिकोणाची खूण जुळवून नुसता ठेवावा, दाबूं नये. त्याच्या माथ्यावर थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. बोटांना घाम असल्यास वरचेवर पुसावीं. हें सर्व झाल्यावर पेटीच्या बाहेरच एकदां वीज देऊन चालतें कीं नाहीं पाहावें. पेटींत कोंबल्यावर दोष सांपडला तर सर्व उकलावें लागतें.

आमची खरी परीक्षा तारांनीं घेतली. बोर्डास वीज देणारी चोवीस टोंकांची जाड तार एसएमपीएस व बोर्ड यांच्यामधील दोन बोटांच्या फटींतून वळवावयाची होती. पुतण्यानें अर्धा तास खटपट केली. कपाळावरून घाम निथळूं लागला. मी सल्ला देण्याच्या स्थितींत नव्हतों. तेवढ्यांत दादा उठून आंत गेला व आपल्या शाळेंतील दिवसांतला पोस्टाच्या तिकिटांचा चिमटा घेऊन आला. कोणी बोलावलें नव्हतें. त्यानें खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाला, "तूं वरून दाब, मी खालून ओढतों." ती तार बसली, मग दुसरी, मग पंख्यांच्या बारीक तारा. पितापुत्र दोन तास डोक्यास डोकें लावून बसले होते. संभाषण म्हणाल तर 'इकडे', 'थांब', 'हळू' एवढेंच. वहिनींनीं दोनदां पानें वाढल्याचें सांगितलें आणि दोनदां परत गेल्या.

अडीच वाजतां बटण दाबलें. पंखे फिरले, पडदा मात्र काळाच राहिला. एक मिनिट गेलें, दुसरें गेलें. आईनें देवाकडे पाहिलें. मी मनांत दुसऱ्या खर्चाचा हिशेब मांडूं लागलों. पुतण्या मात्र हात मागें बांधून उभा होता. "कोणीं बंद करूं नका," तो म्हणाला, "नवी रॅम पहिल्या वेळीं स्वतःची जुळणी करून घेते. वेळ लागतो." हें खरें आहे. डीडीआर५ प्रकारची मेमरी पहिल्यांदा चालूं होतांना कांहीं मिनिटें अशी घेते, आणि घाबरून मध्येंच वीज तोडणारे पुष्कळ असतात. चवथ्या मिनिटास पडद्यावर अक्षरें आलीं. ज्या मुलाला आम्ही उतावळा समजत होतों, त्या खोलींत धीर धरणारा तोच एक होता.

राहिली नानांची अट. पहिल्या रात्रीं साडेनऊ वाजतां नाना दिवाणावर आडवे झाले आणि आम्ही खेळ लावला. दहा मिनिटांनीं ते उठून बसले. "आवाज मोठा नाहीं," ते म्हणाले, "पण तो चढतो आणि उतरतो. छतावरचा पंखा याहून मोठ्यानें वाजतो, त्यांत झोप लागते. कारण तो एकसारखा असतो." हें निदान अचूक होतें. प्रोसेसर क्षणभर तापला कीं पंखा पळे, निवाला कीं थबके. पुतण्यानें पंख्याचा वेग असा बांधून दिला कीं, तो थोड्याथोडक्या फरकास दाद देणार नाहीं. प्रोसेसरला ४५ वॅटच्या इको मोडवर ठेवलें, ग्राफिक्स कार्डाचा विद्युद्दाब किंचित् उतरविला, आणि चित्रांची गति सेकंदास साठांवर रोखली. पडदाच जर साठ चित्रें दाखवितो, तर कार्डानें शंभर काढून चाळीस वायां घालविण्यांत काय अर्थ? एवढ्यानें विजेचा वापर सव्वादोनशें वॅटवरून दीडशेंच्या आसपास आला. खेळांत डोळ्यांस दिसण्यासारखा फरक पडला नाहीं. दररोज दोन तासांच्या हिशेबानें महिन्यास नऊ-दहा युनिटें होतात. आपल्या बिलांतील दरानें प्रत्येकानें गुणून पाहावें. तिसऱ्या रात्रीं नाना झोपले ते साडेचारलाच उठले.

आमच्या उपनगराच्या हवेविषयीं दोन शब्द. मार्वे-आक्साकडून येणाऱ्या वाऱ्यांत खारेपणा असतो, पावसाळ्यांत दमटपणा, आणि सध्यां जिकडे तिकडे जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालूं असल्यामुळें बारमाही धूळ. म्हणून जाळ्या दर महिन्यास काढून झटकाव्या. पावसाळ्यांत यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवूं नये. थोडा वेळ चाललें म्हणजे आंतील ओल उष्णतेनें निघून जाते. सर्वांत महत्त्वाचें, भिंतींतील तीन पिनांच्या जागेला खरें अर्थिंग आहे कीं नाहीं हें वायरमनकडून तपासून घ्यावें. पुष्कळ जुन्या घरांत तिसरें भोंक नुसतें शोभेचें असतें, आणि मग धातूच्या पेटीस हात लावतांच मुंग्या येतात. आमच्याकडेही आल्या, आणि ती तार प्रथम दुरुस्त करावी लागली.

पहिला खेळ कोणता लावला, असें कोणी विचारील. पुतण्यानें 'राजी' लावला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं तो प्रसिद्ध केला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका; भोंवतीं देवळें, महाल, पुराणांतील देव व असुर. आई जपमाळ हातांत घेऊन दिवाणावर बसली होती. तिनें थोडा वेळ पाहिलें आणि विचारलें, "हें पुण्याच्या मुलांनीं केलें?" मग म्हणाली, "भाऊ सांपडला म्हणजे मला सांग." तेव्हांपासून तो रात्रीं जेवल्यावर तिला 'कोठपर्यंत आलें' तें सांगूं लागला. बोलत नाहीं, बोलत नाहीं म्हणून ज्याच्याविषयीं तक्रार होती, तो मुलगा आजीस गोष्ट सांगत होता.

एवढ्यावरून आमच्या घरीं आतां वाद होत नाहींत, असें कोणी समजूं नये. दहा वाजले, अकरा वाजले, उद्यां कॉलेज आहे, हें रोज चालूं आहे. दादा अजूनही 'पुरे' म्हणतो आणि पुतण्या अजूनही 'पांच मिनिटें' म्हणतो. पण ती पांच मिनिटें सर्वांच्या देखत जातात, आणि 'पुरे' हा शब्द बंद दारावर आपटून परत येत नाहीं. कधीं कधीं तर दादा 'पुरे' म्हणावयास येतो आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तसाच पाहत उभा राहतो.

ज्यांच्या घरीं ही मागणी येईल, त्यांनीं एकदम नाहीं म्हणूं नये आणि एकदम पैसेही काढून देऊं नयेत. मुलाच्या हातीं पट्टी द्यावी आणि जागा दाखवावी. जागेवरून माप, मापावरून भाग, भागांवरून खर्च, असा क्रम ठेवावा. आणि पट्टी धरतांना ती कोठून धरली आहे हें दोघांनीं पाहावें, विशेषतः धरणारा काका असेल तर.

पुढील महिन्यांत इन्व्हर्टरच्या बॅटरीचा राहिलेला विषय घेऊं.